ऑपरेशनच्या आधी पुणे

प्रवासाला निघालेला माणूस खिडकी मागतो. मी गेली कित्येक वर्षं संडासाजवळची बर्थ मागते आणि मिळाली की लॉटरी लागल्यासारखी खूश होते. तिथे वास येतो, दार सारखं आपटतं, येणारा-जाणारा पायाला धक्का देऊन जातो. सगळं मान्य. दार हाताशी आहे, एवढ्यावर मला झोप लागते.

मी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. स्वतः कबड्डी खेळले, विद्यापीठाच्या संघापर्यंत. कोपऱ्यात उभं राहायचं आणि चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरायचा, हे माझं काम. घोटा माझ्या हातात आला की सुटत नसे. त्याच मला आता शिंक आली, खोकला आला, कोणी हसवलं किंवा मैदानावर उडी मारली की लघवी सुटते. कधी थेंब, कधी थेंबांहून जास्त. मैदानात मी फक्त काळी पँट घालते. पोरींना उडी करून दाखवायची वेळ आली की शिट्टी वाजवते आणि बोटाने दाखवते. त्यांना वाटतं, बाई आता आळशी झाल्या.

हे कागदावर लिहिताना हात अजून अडखळतो. पण पुण्याला जाऊन आल्यावर ठरवलं, की ज्या बायका अशा तपासणीला अजून गेलेल्या नाहीत त्यांना तरी कळू द्यावं, तिथे काय करतात. मी पूर्ण बरी झालेली नाही, हेही आधीच सांगते. नाहीतर वाचून झाल्यावर मला शिव्या पडतील.

आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी माझं म्हणणं अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "गर्भपिशवी काढून टाका. वय झालंच आहे, कटकट जाईल." आमच्या यांनी लगेच सोमवारची तारीख घेतली. माणूस वाईट नाही, पण तारीख मिळाली की आजार निम्मा बरा झाला असं मानणारा. मी कुरकुर केली की त्यांचं उत्तर तयार असे, "तुझ्या खडकीच्या वहिनीची नाही का काढली पिशवी? ठणठणीत आहे." वहिनी खरंच ठणठणीत दिसत होती.

त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या खेळाडूचा निरोप मोबाइलवर आला. पुण्यातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात खेळाडू बायकांच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर संशोधन चालू आहे, तपासणी करून देतात. मी शाळेच्या रिकाम्या मैदानाच्या टोकाला जाऊन फोन लावला. पलीकडे मुक्ता नावाची संशोधन करणारी मुलगी होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ती म्हणाली, "ऑपरेशन सोमवारी आहे ना? मग त्याच्या आधी या." शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. यांना सांगितलं की कंबर दाखवून येते, दादाकडे दोन दिवस राहते, सोमवारच्या आत परत येते.

खडकी

दादा स्टेशनवर स्कूटर घेऊन आला होता. माझा थोरला भाऊ. पुलगावला दारूगोळ्याचं कोठार आणि खडकीला दारूगोळ्याचा कारखाना. आमच्या घरातलं कोणी ना कोणी कायम स्फोटकांच्या शेजारी राहिलेलं आहे, त्यामुळे दादाला कशाचीच घाई नसते. मला मात्र होती. गाडीतून उतरण्याआधी जाऊन आले होते, स्टेशनवर पुन्हा जाऊन आले, तरी स्कूटर बघून पुन्हा एकदा संडासाच्या पाटीकडे नजर गेली.

कॅन्टोन्मेंटचे रस्ते सुंदर आहेत. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, पांढऱ्या-लाल रंगाने रंगवलेले दगड, भर मे महिन्यात सावली. आमच्या पुलगावला या दिवसांत डांबर चपलेला चिकटतं. दादा सांगत होता, हा अमुक गेट, तो तमुक गेट. मी फक्त पुढचा गतिरोधक कुठे आहे ते बघत होते. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी श्वास कोंडून सगळं अंग आवळायचे आणि पार झाल्यावर सोडायचे.

"एवढी गप्प काहून?" दादाने विचारलं.

"झोप नाई झाली," मी म्हणाले.

क्वार्टर दोन खोल्यांचं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. वहिनी दारातच उभी होती. ती माझ्याहून वयाने मोठी, पुलगावच्याच बाजूची, खडकीत इतकी वर्षं काढूनही बोलणं तिकडचंच ठेवलेलं. तिने आल्या आल्या पोहे पुढे केले, वर लालभडक तर्री. पुण्यात पोह्यांवर खोबरं आणि वर चिमूटभर साखर घालतात. वहिनीच्या मते त्याला पोहे म्हणणं हा पोह्यांचा अपमान आहे. मी दोन बशा खाल्ल्या आणि पाण्याच्या तांब्याला ओठ लावून ठेवून दिला.

"पाणी काहून नाई पेत?" वहिनीने विचारलं. "तर्री खाल्ली ना एवढी."

"पेतो नंतर."

तिने तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बशा उचलल्या.

परक्या घरात मला सगळ्यात जास्त भीती दोरीची वाटते. कपडे वाळत घालायची दोरी गॅलरीत, आणि गॅलरीसमोरून दिवसभर शेजारच्या बायकांची ये-जा. मी माझे कपडे टॉवेलच्या आत घालून वाळवत होते, टॉवेल दर थोड्या वेळाने उलटवत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. दुपारी दादा ड्युटीवर गेला तेव्हा मी हळूच विषय काढला. "वहिनी, तुझी पिशवी काढली तेव्हा बरं वाटलं ना गं?"

वहिनी कढईत काहीतरी परतत होती. "हाव. झालं ना," ती म्हणाली आणि गॅस मोठा केला.

म्हणजे यांचं बरोबर होतं. त्या दुपारी मी पहिल्यांदा मनातल्या मनात ऑपरेशनला हो म्हणून टाकलं आणि मला रडू आलं. रडताना हुंदका नीट देता येत नाही, हाही या आजाराचा एक भाग आहे.

विद्यापीठ चौक

मुक्ताने फोनवर एकच गोष्ट बजावली होती. "पोटावरून सोनोग्राफीसारखी तपासणी करणार आहे. मूत्राशय भरलेलं लागतं. घरून पाणी पिऊन या आणि निघताना जाऊन येऊ नका." आमच्या घराण्यात निघण्याआधी सगळ्यांना "जाऊन या" म्हणून सांगायची पद्धत आहे. लहान मुलाला तर लागलेली नसली तरी पाठवतात. न जाता घराबाहेर पडणं मला चप्पल न घालता बाहेर पडण्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीसमोर पाण्याचा तांब्या रिकामा केला. ती बघत राहिली. सोबत यायचा हट्ट तिनेच धरला होता. पुण्यात तू चुकशील म्हणे. मेट्रोने जाऊ म्हटलं तर उतरून पुन्हा रिक्षाच करावी लागते, म्हणून खडकीहूनच रिक्षा केली.

विद्यापीठ चौकात आम्ही अडकलो. तिथे कायमच काहीतरी बांधत असतात, आणि जे बांधून होतं त्याच्या शेजारी पुन्हा खोदत असतात. गाड्या जागच्या जागी धूर सोडत उभ्या होत्या. माझं पोट घट्ट झालेलं. दोन्ही पाय एकमेकांवर, हात लोखंडी दांड्यावर.

"काका, जरा लवकर घेता येईल का?" मी विचारलं.

रिक्षावाले काका वळले नाहीत. आरशातून माझ्याकडे पाहिलं. "घेतो की. आपण फक्त उतरून पुढच्या सगळ्यांना सांगून या, बाजूला व्हा म्हणावं."

"इथे जवळपास बाथरूम आहे का?"

"चौकात सगळं आहे ताई. फक्त रस्ता नाही."

एरवी मी याला चांगलं उत्तर दिलं असतं. शाळेत माझ्या जिभेला पोरी टरकून असतात. पण त्या वेळी तोंड उघडायचीही भीती वाटत होती. सिग्नल सुटला, रिक्षा एकदम उडाली, पुढे कोणीतरी ब्रेक मारला, काकांनी मारला, आणि धूळ नाकात जाऊन मला शिंक आली. एक. मग लागोपाठ दुसरी.

मी खाली बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. कुर्ता मागून ओला झाला होता आणि सीटच्या रेक्झिनवर गरम ओल पसरत होती. मी समोर काकांच्या मानेकडे टक लावून बसले. मनात एवढंच होतं की ही रिक्षा कुठेच पोचू नये.

वहिनीने तिच्या पिशवीतून जुना टॉवेल काढला, माझ्या खाली सरकवला, दुसऱ्या टोकाने सीट पुसली आणि टॉवेल घडी करून पुन्हा पिशवीत टाकला. काकांना काही कळलं नाही. पिशवीतून तिने एक ओढणी काढून माझ्या कमरेला गुंडाळली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, तिला किळस आली. उरलेला सगळा रस्ता मी हाच विचार करत होते, की आता ही दादाला सांगेल, दादा यांना सांगेल, आणि दिवाळीला सगळे जमतील तेव्हा सगळ्यांना माहीत असेल.

तपासणीची खोली

कॉलेज आतल्या एका शांत गल्लीत होतं. मुक्ता माझ्या मुलीच्या वयाची निघाली, केसांचा अंबाडा, गळ्यात ओळखपत्र. मी दारातच म्हणाले, "आजचं राहू द्या. वाटेतच झालं सगळं."

"थोडं तरी राहिलंच असेल आत," ती म्हणाली. "पाणी देते, तासभर बसू. बदलायला कपडे आहेत इथे. अहो, या खोलीत रोज कोणीतरी ओलं होऊनच येतं."

हे ती सांत्वन म्हणून म्हणाली नाही. रेल्वेच्या चौकशीवर गाडी किती उशिरा आहे ते सांगतात, तसं म्हणाली. मला बरं वाटलं. वहिनी बाहेर बाकावर बसली.

तासाभराने मी टेबलावर आडवी झाले. ओटीपोटावर थंड जेल, त्यावर मुक्ताने यंत्र धरलं. पडद्यावर काळा, गोलसर डाग दिसायला लागला. ते माझं मूत्राशय. त्याच्या खालची पांढरी कड म्हणजे तळ, आणि तिथले स्नायू आवळले की ती कड वर उचलली जायला हवी. "लघवी मध्येच थांबवल्यासारखं करा," मुक्ता म्हणाली. "आत आणि वर ओढा. आपल्याला जमेल तेवढंच."

जमेल तेवढंच म्हणजे काय? मी कबड्डीवाली. मी अंतिम सामन्यातला घोटा धरल्यासारखी सगळी ताकद लावली. दात आवळले, श्वास कोंडला, पोट दगड केलं. हे बघून पोरगी थक्क होईल अशी माझी खात्री होती.

"मॅडम, कड खाली गेली," मुक्ता म्हणाली.

"यंत्र उलटं धरलं असेल."

"नाही हो. पुन्हा करा, आपण स्वतः बघा."

मी पुन्हा केलं, आणखी जोराने. काळ्या डागाचा तळ माझ्या डोळ्यांसमोर खाली दबला. मी जितकी ताकद लावत होते तितकी मी स्वतःच लघवीला बाहेर ढकलत होते. मला राग आला. त्या मुलीचा, यंत्राचा, पुण्याचा. "पंचवीस वर्षं मी पोरींना व्यायाम शिकवते," मी म्हणाले. "मला स्नायू आवळता येत नाहीत असं तुम्ही सांगताय?"

"आवळता येतात," ती शांतपणे म्हणाली. "पण आपण श्वास अडवून खाली जोर देताय. खेळताना कुठे असं करायचात?"

मी तिला पकड समजावली. घोटा धरला की समोरची पोरगी मध्यरेषेकडे झेपावते. तिच्या अंगाचा सगळा भार आपल्या हातावर येतो. त्या क्षणी श्वास बाहेर गेला की हात सैल होतो, म्हणून दम कोंडायचा आणि जमिनीत रुतून बसायचं. आम्हाला तसंच शिकवलं. मीही शिकवते. घरी सिलिंडर उचलताना, गादी सरकवताना, गतिरोधकावर, सगळीकडे मी पकडच करत आले होते, हे मला बोलता बोलता कळत गेलं.

"मग तोंडाने काहीतरी म्हणत राहा," मुक्ता म्हणाली. "बोलत असलं की श्वास कोंडता येत नाही. पाढे म्हणा."

मी बेचा पाढा सुरू केला. बे त्रिकला पुन्हा दम अडकला. कड खाली. तीनचा पाढा म्हटला. कड जागच्या जागी. घाम फुटला, डोळ्यांसमोर सोमवार उभा राहिला. हे जमलं नाही तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत, चढाईला निघालेल्या पोरीसारखं, म्हणायला लागले, कबड्डी कबड्डी कबड्डी. मी जन्मभर बचावात उभी राहिले. चढाईला मला कोणी पाठवलं नाही. चढाई करणारीला श्वास धरताच येत नाही, तो सबंध वेळ बाहेरच जात असतो.

"उघडा डोळे," मुक्ता म्हणाली.

काळ्या डागाच्या तळाची पांढरी कड वर उचलली गेली होती. जराशीच, पण वर. मी म्हणायचं थांबले तशी खाली आली. पुन्हा म्हणाले, पुन्हा वर गेली. मला इतका आनंद झाला की तो कुणाला तरी सांगावासा वाटला, आणि बाहेर बसलेली वहिनी आठवून तो आनंद जागीच विरला.

मग मुक्ताने उभं करून उडी मारायला लावली. गळलं. ती म्हणाली, "आज गळणारच. उडीच्या, शिंकेच्या आधी आवळायचं टायमिंग शिकायला महिने लागतात. काहींना पूर्ण बरं वाटतं, काहींना बरंच, काहींना फारसं नाही. मी शब्द देणार नाही."

"आणि सोमवार?"

त्यांच्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मला तपासलं, मी नेलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितला. पिशवी जागच्या जागी होती, तिच्यात काही दोष नव्हता. त्या म्हणाल्या, "निव्वळ या गळतीसाठी पिशवी काढायचं मला कारण दिसत नाही. पण निर्णय तुमचा आणि घरच्यांचा." घरच्यांचा म्हणजे यांचा, आणि यांच्याकडे वहिनीचा दाखला होता.

आम्ही खडकीला परतलो. घरी गेल्यावर माझा कुर्ता मी धुवायच्या आत तिने धुतला आणि दोरीवर सगळ्यांच्या समोर, मधोमध वाळत घातला.

मांजरी

शनिवारी आणि सोमवारी मुक्ताचा गट पुण्याच्या कडेच्या मांजरी गावात भरतो. तिने मला बोलावलं, जायच्या आधी एकदा सगळ्यांबरोबर करून बघा म्हणाली. वहिनी न विचारता चप्पल घालून उभी राहिली.

पुण्याचं हे टोक मजेशीर आहे. एका बाजूला ऊस, पाटाचं पाणी, बांधावर बगळे. आणि उसाच्या पलीकडे वीस-वीस मजल्यांच्या इमारती, सगळ्यांच्या नावात कसला तरी पार्क. आमच्याकडे कपाशीच्या रानात उभं राहिलं तर नजर आभाळापर्यंत जाते. इथे ती कुणाच्या तरी बाल्कनीतल्या कुंडीवर आपटते. हॉलमध्ये दोन्हीकडच्या बायका होत्या, सोसायटीतल्या आणि उसाच्या रानातल्या. एकीकडे योगाच्या चटया, दुसरीकडे सतरंजी, आणि मध्ये थोडी मोकळी जागा.

रानात जाणाऱ्या एक मावशी माझ्या शेजारी आडव्या झाल्या. "डॉक्टरीण बाई, हे रोज करायचं हाय व्हय?"

"रोज," मुक्ता म्हणाली.

"भाकरी थापताना केलं तर चालतंय का? आडवं पडाय कुठं येळ हाय."

"चालेल. पण थापताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही."

"मग गाणंच म्हणावं लागंल," मावशी म्हणाल्या, आणि चटईवरच्या बायकाही हसल्या. हसताना पुष्कळ जणींचे पाय एकदम जवळ आले. माझेही. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मी मुक्ताला विचारून कबड्डी कबड्डी म्हणत करत होते. वहिनी दाराजवळ खुर्चीवर बसली होती. मुक्ताने तिला दोनदा बोलावलं. "मी हिच्यासंगं आली," एवढंच ती म्हणाली. पण मी मान वळवली तेव्हा तिचे ओठ हलत होते, आणि पदराखाली पोटावर हात होता.

परत येताना आम्ही बसची वाट बघत उसाच्या कडेला उभ्या होतो. पाट भरून चालला होता. वहिनी एकदम म्हणाली, "सोमवारी जाऊ नको."

"काहून?"

"नको जाऊ म्हनतो ना मी."

"वहिनी, तुझं झालं ना चांगलं? सगळे तेच सांगून रायले."

तेवढ्यात बस आली आणि ती पुढे होऊन चढली.

पुन्हा खडकी

संध्याकाळी यांचा फोन आला. दादा ड्युटीवरून येऊन चहा पीत बसला होता. मी फोन घेऊन गॅलरीत गेले, पण गॅलरी म्हणजे खोलीचाच एक कोपरा. बोललेलं सगळं आत ऐकू जातं. मी यांना सांगितलं की पिशवीत दोष नाही, मी व्यायाम शिकले आहे, महिने लागतील, मला ऑपरेशन नको.

"छाया, महिने कुठून आणणार?" हे म्हणाले. "आणि नाही जमलं तर? तू रात्री उठून साडी बदलतेस ते मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं आणि हेही बोलले नव्हते.

"मला बघवत नाही गं," हे म्हणाले. "एकदा काढून टाकू. तुझ्या वहिनीला विचार ना. तिथेच बसली आहेस. विचार तिला, झाला का त्रास."

मी आत आले आणि फोन वहिनीसमोर धरला. खरं तर मी तो बंद करणार होते, काय करत होते ते मलाच कळत नव्हतं. वहिनी आमच्या यांच्याशी कधी दोन वाक्यांवर बोललेली नाही. नणदेचा नवरा म्हणजे घरचा जावई. चहा दिला, "बरं हाय ना" म्हटलं, की ती स्वयंपाकघरात.

तिने फोन घेतला. पदर खांद्यावरून पुढे ओढला.

"जवाईबापू, मी बोलून रायली," ती म्हणाली. "छायाले जे होते, तेच मले होत होतं. त्याच्यासाठीच काढली माही पिशवी. बाकी काई नव्हतं मले. डॉक्टर म्हने, थांबते. नाई थांबलं."

दादाचा कप अर्ध्यात राहिला.

"तवापासून आजपावतो कपडा घेतल्याबिगर मी घराच्या भाईर पडली नाई. तुमच्या पोराच्या लग्नाले आली नाई, पाय दुखते म्हनलं. पाय नव्हता दुखत. एवढ्या लांब गाडीत बसायची हिंमत नाई झाली. तुमी मले ठणठणीत म्हनता. मी ठणठणीत दिसतो, कारन मी कुठंच जात नाई." मग हळू म्हणाली, "माहं नाव घेऊन हिची पिशवी काढू नका."

पलीकडून यांचा आवाज आला, बारीक झालेला. "वहिनी, मी सकाळी डॉक्टरांना फोन करतो. नको म्हणून सांगतो."

"बरं," वहिनी म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

दादा तिच्याकडे बघत होता. हा माणूस कारखान्यात स्फोटकं हाताळतो, घरात त्याला आवाज चढवताना मी कधी ऐकलं नाही. त्याने कप खाली ठेवला. मग विचारलं, "त्या मांजरीच्या मुलीकडे पुन्हा कधी जा लागते?"

"सोमवारी," मी म्हणाले.

"तुह्या वहिनीचंबी नाव सांगून ठेव मंग," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने लपवले नाहीत.

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. सोमवारी सकाळी, मला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं होतं त्या सुमारास, मी मांजरीच्या सतरंजीवर आडवी होते. माझ्या शेजारी वहिनी, पदर पायांखाली नीट दाबून. मुक्ता म्हणाली, आत आणि वर, आवाज येऊ द्या. वहिनी जन्मात कबड्डी खेळलेली नाही. पण तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, आणि उसाच्या रानातून येणाऱ्या मावशी तिच्याकडे बघत तिच्या मागोमाग कबड्डी कबड्डी म्हणत होत्या.